शोगुनचा पंडित: आराई हाकुसेकीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आराई हाकुसेकी (१६५७–१७२५) या जपानी पंडिताची ओळख करून दिली होती. तोकुगावा घराण्याचा सहावा शोगुन (सम्राटाच्या नावानं प्रत्यक्ष राज्य चालवणारा लष्करी शासक) इएनोबू (१७०९–१७१२) आणि त्याचा बाल-वारस इएत्सुगु (१७१३–१७१६) या दोघांच्या कारकिर्दीत नाण्यांपासून परराष्ट्र पत्रांपर्यंत बहुतेक मोठ्या निर्णयांमागे त्याचा मसुदा होता. लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांतल्या ज्या प्रश्नांना नेमकं उत्तर देता येतं ते इथे घेतले आहेत.

प्रश्न: ‘जुशा’ म्हणजे नक्की कोण? पुरोहित, शिक्षक की मंत्री? आणि त्याला मिळायचं किती? — इतिहास शिक्षिका, सांगली

मंत्री तर नाहीच. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले चिनी ग्रंथ वाचणारा, शिकवणारा आणि धन्यानं विचारलेल्या प्रश्नाला त्या ग्रंथांच्या आधारे उत्तर देणारा, पदरी बाळगलेला विद्वान म्हणजे जुशा. चीन आणि कोरियात असा माणूस परीक्षा देऊन अधिकारी होई. जपानात अधिकारपदं सामुराई घराण्यांत वंशपरंपरेनं चालत, त्यामुळे या विद्वानाला बसवायचं कुठे हाच पेच होता. पहिला तोकुगावा शोगुन इएयासू यानं हायाशी राझानला (१५८३–१६५७) नोकरीत घेतलं तेव्हा त्याला भिक्षूसारखं मुंडन करायला लावलं आणि दोशुन हे भिक्षूचं नाव दिलं, कारण दरबारात शिकलेल्या माणसासाठी तेवढी एकच जागा तयार होती. बौद्ध धर्मावर कडक टीका करणारा राझान जन्मभर मुंडन केलेल्या डोक्यानं वावरला. त्याचा नातू हायाशी होको याला १६९१ मध्ये केस वाढवायची मुभा मिळाली, तीही पाचव्या शोगुनला, त्सुनायोशीला, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांची स्वतःला आवड होती म्हणून.

काम म्हणजे ग्रंथावर प्रवचन, परदेशी पत्रांचे आणि कायद्यांचे मसुदे, सरदार घराण्यांच्या वंशावळी आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दाखला शोधून देणं. या शेवटच्या कामाचा गैरवापरही झाला. १६१४ मध्ये क्योतोच्या होकोजी मंदिरात नवी घंटा ओतली. तिच्यावरच्या लेखात इएयासूच्या नावाची दोन अक्षरं आली होती, पण त्यांच्या मध्ये तिसरं अक्षर होतं. नाव तोडलं म्हणजे शाप दिला, असा अर्थ लावून देणाऱ्यांत राझान होता. ओसाकाच्या तोयोतोमी घराण्यावर चाल करून जायला इएयासूला तेवढं निमित्त पुरलं. विद्वत्ता धन्याच्या सोयीनं वाकवली की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. हाकुसेकीला हायाशी घराण्याबद्दल जो राग होता तो निव्वळ स्पर्धेतून आलेला नव्हता.

आता पगार. १६९३ मध्ये हाकुसेकीला कोफूचा सरदार त्सुनातोयो यानं, म्हणजे पुढच्या इएनोबूनं, ‘चाळीस माणसांच्या शिध्यावर’ ठेवलं. एका माणसाचा शिधा म्हणजे रोज ५ गो तांदूळ. गो हे माप सुमारे १८० मिलिलिटरचं, म्हणजे ४० शिध्यांचे रोजचे २०० गो किंवा ३६ लिटर आणि वर्षाचे सुमारे ७० कोकु. एक कोकु म्हणजे १८० लिटर, वजनानं १५० किलोच्या आसपास. १७०९ मध्ये त्याला ५०० कोकुंची जमीन मिळाली आणि १७११ मध्ये ती १,००० कोकुंची झाली. इथे एक चूक हमखास होते. १,००० कोकु हे जमिनीचं ठरवलेलं एकूण उत्पन्न असे. धन्याच्या हाती साधारण त्याचे चार-दशांश पडत, बाकी कुळाकडे राही. शिवाय १०,००० कोकुंच्या वरच्यालाच दाइम्यो, म्हणजे बडा सरदार, म्हणत. हाकुसेकी त्याच्या जवळपासही कधी गेला नाही.

प्रश्न: पद नाही, सभेत जागा नाही, मग सल्ला शोगुनपर्यंत पोचायचा कसा? — निवृत्त मंत्रालय कर्मचारी, ठाणे

कागदानं. आणि एका माणसाच्या हातून.

राज्यकारभाराचा अधिकार ‘रोजू’ या चार-पाच ज्येष्ठ सरदारांच्या मंडळाकडे होता. हाकुसेकी त्या मंडळात बसत नसे. शोगुनला एखादी गोष्ट विचारायची असली की निरोप मानाबे अकिफुसा या त्याच्या विश्वासू खासगी अधिकाऱ्यामार्फत येई. हाकुसेकी उत्तर लिहून बंद करून मानाबेकडे देई, मानाबे ते आत नेई. पटलं तर तोच मजकूर शोगुनची इच्छा म्हणून रोजूंपुढे जाई. तुम्ही मंत्रालयात काम केलं आहे, तेव्हा टिपण कोणी लिहिलं आणि सही कोणाची झाली यातलं अंतर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या कागदाला वजन आलं ते आधीच्या सोळा वर्षांमुळे. शोगुन होण्यापूर्वीपासून इएनोबू त्याच्याकडे नियमानं शिकत होता. मरेपर्यंतच्या एकोणीस वर्षांत साडेबाराशेहून अधिक प्रवचनं झाली. ती ऐकताना इएनोबू औपचारिक पोशाखात बसे, असं हाकुसेकीनं आत्मचरित्रात नोंदवलं आहे. १७०० मध्ये इएनोबूनं त्याला दाइम्यो घराण्यांचा इतिहास लिहायला सांगितला आणि १७०२ मध्ये ३३७ घराण्यांची नोंद असलेला ग्रंथ त्याच्या हाती पडला. म्हणजे शोगुनपदावर बसला तेव्हा आपल्या प्रत्येक सरदाराचं घराणं कुठून आलं हे इएनोबू वाचून होता.

ही प्रवचनं चालायची कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. ग्रंथ अभिजात चिनी भाषेत. चिनीत क्रियापद आधी, कर्म नंतर. जपानी वाक्याची ठेवण मात्र आपल्या मराठीसारखी आहे: कर्म आधी, क्रियापद शेवटी. त्यामुळे जपानी पंडित चिनी ओळीच्या कडेला बारीक खुणा करत. कन्फ्यूशियसच्या संवादांचं पहिलंच वाक्य घ्या. मुळात अक्षरांचा क्रम असा आहे: शिकणे, आणि, वेळोवेळी, सराव-करणे, ते. शेवटच्या दोन अक्षरांच्या मध्ये एक छोटी खूण केली की वाचणारा त्यांची अदलाबदल करतो: शिकून, वेळोवेळी, ते, सरावतो. दूरच्या उड्यांसाठी एक, दोन, तीन असे आकडे घालत. खूण एक जागा चुकली की कर्ता कर्म होतो आणि ‘राजानं प्रजेला’चं ‘प्रजेनं राजाला’ होऊन बसतं. कागदावर अर्थाची लढाई लढणाऱ्या माणसाचं हे मूळ हत्यार.

त्याची घडणही तशीच झाली होती. नऊ वर्षांचा असताना रोज दिवसा ३,००० आणि रात्री १,००० अक्षरं गिरवायचा नेम होता. हिवाळ्यात दिवस लवकर मावळे, तेव्हा लिहायचं मेज तो पश्चिमेकडच्या पडवीत नेई आणि झोप आली तर अंगावर थंड पाणी ओतून घेई. पुढे तो धन्याविना सामुराई झाला, हातात पैसा नव्हता, तेव्हा कावामुरा झुइकेन या धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरून नातीचं स्थळ आलं. सोबत घर आणि शिक्षणासाठी सोन्याच्या मोहोरांत ३,००० र्‍यो. त्यानं नकार दिला. लहान सापाला झालेली बारीक जखम साप वाढला की हातभर होते, तसा हा डाग माझ्याबरोबर मोठा होईल, असं त्याचं म्हणणं होतं.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की त्यानं नाण्यांचा कस पुन्हा चोख केला आणि तरी लोकांचे हाल झाले. चोख नाण्यानं नुकसान कसं होईल? आकडे द्या. — सराफ, कोल्हापूर

देतो. तुम्हाला हे सगळ्यांत लवकर कळेल.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीची केइचो काळातली कोबान, म्हणजे एक र्‍योची सोन्याची मोहोर, सुमारे १७.८ ग्रॅम वजनाची होती. जुन्या तोळ्यानं दीड तोळा. कस ८४ ते ८६ टक्के, म्हणजे निव्वळ सोनं १५ ग्रॅम. १६९५ मध्ये कोषाधिकारी ओगिवारा शिगेहिदे यानं वजन तेच ठेवून कस सुमारे ५७ टक्क्यांवर आणला. निव्वळ सोनं राहिलं १० ग्रॅमच्या आसपास. दोन जुनी नाणी आटवली की तीन नवी, आणि सरकारी दर जवळपास एकास एक. मधलं नाणं खजिन्यात.

मग ‘कस परत आणा’ अशी ओरड झाली. १७१० मध्ये ओगिवारानं कस ८४ टक्क्यांवर नेला खरा, पण नाणं ९.४ ग्रॅमचं केलं. कस पूर्ण, वजन निम्मं. निव्वळ सोनं आधीपेक्षाही कमी.

चांदीची घसरण तर पायरीपायरीनं वाचावी अशी आहे. मूळ कस ८० टक्के. १६९५ मध्ये ६४, १७०६ मध्ये ५०, १७१० मध्ये आधी ४० आणि त्याच वर्षी ३२, १७११ मध्ये २०. शेवटची चांदी म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं तांबंच. ओसाका आणि क्योतोचा व्यापार चांदीवर चाले आणि ती तोलून देत, त्यामुळे तिथे भाव भडकले.

हाकुसेकीनं ओगिवाराविरुद्ध तीनदा लेखी अर्ज केले. तिसऱ्यानंतर, १७१२ च्या नवव्या महिन्यात, ओगिवाराला काढलं. पुढच्याच महिन्यात इएनोबू वारला, म्हणजे थोडा उशीर झाला असता तर ते राहूनच गेलं असतं. ओगिवारानं लाखो र्‍यो खाल्ले असा आरोप हाकुसेकी आत्मचरित्रात करतो. त्याला दुजोरा देणारा भक्कम पुरावा नाही आणि आजचे अर्थ-इतिहासकार ओगिवाराकडे बऱ्याच सहानुभूतीनं पाहतात: खाणी आटत होत्या, बाजार वाढत होता, आणि तेवढ्याच धातूत जास्त नाणी पाडायची त्याला गरज होती. आम्हाला वाटतं की सोन्याची पहिली घट त्या अर्थानं समजण्यासारखी आहे, १७१० नंतरची चांदीची घट अजिबात नाही.

१७१४ मध्ये नवी नाणी निघाली: सोनं जुन्या वजनाचं आणि कसाचं, चांदी पुन्हा ८० टक्के. आता तुमचा प्रश्न. नवी चांदी कुठून आणायची? खाणी आटलेल्या, तेव्हा बाजारातली हिणकस चांदी गोळा करून, गाळून. २० टक्क्यांची ४ किलो चांदी गाळली की ८० टक्क्यांची १ किलो मिळते. शुद्ध चांदी तेवढीच, पण व्यवहारात तोलून द्यायच्या नाण्याचं वजन चौथ्यावर आलं. सोन्यातही १६९५ ची तीन नाणी देऊन दोनच हाती यायची. पैसा आकसला म्हणजे भाव उतरणार. उतरले ते सगळ्यांत जास्त तांदळाचे, १७२० च्या दशकात. सामुराईचं वेतन तांदळात, खर्च पैशात. पगार विकून येणारी रक्कम घटली, कर्ज मात्र जुन्याच आकड्याचं राहिलं. हाकुसेकीच्या डोळ्यांपुढे नाण्याचा कस होता, म्हणजे राज्याच्या शब्दाचा खरेपणा. नाण्यांची एकूण संख्या हीसुद्धा राज्याची जबाबदारी आहे, ही गोष्ट त्याच्या ग्रंथांत नव्हती. शेवटी १७३६ मध्ये आठव्या शोगुननं, योशिमुनेनं, कस पुन्हा उतरवला, सोनं सुमारे ६५ टक्के आणि चांदी ४६, आणि बाजार सावरला.

प्रश्न: नागासाकीच्या व्यापारावरची मर्यादा हाही त्याचाच निर्णय ना? अंमल कसा केला? — आयात-निर्यात व्यवसायातील वाचक, उरण

होय, १७१५ चा. खाणींतून निघालेल्या सोन्याचा चौथा हिस्सा आणि चांदीचे चारातले तीन हिस्से शंभराहून थोड्या अधिक वर्षांत देशाबाहेर गेले, असा हिशेब त्यानं मांडला होता. आत येत होतं ते रेशीम, साखर, औषधं: वापरून संपणाऱ्या वस्तू. त्याचं म्हणणं, धातू हाडांसारखा असतो, एकदा गेला की परत येत नाही.

नियम असे ठरले. चिनी जहाजं वर्षाला ३०, व्यवहार ६,००० कान चांदीच्या किमतीपर्यंत. डच जहाजं २, व्यवहार ३,००० कानांपर्यंत. एक कान म्हणजे ३.७५ किलो. ही किंमत आहे, तेवढी चांदी प्रत्यक्ष बाहेर जात नव्हती. बराच भाग तांब्यात चुकता होई. तांब्यालाही मर्यादा: चिन्यांना ३० लाख किन, डचांना १५ लाख. किन ६०० ग्रॅमचा, म्हणजे अनुक्रमे १,८०० आणि ९०० टन.

अंमलासाठी परवान्याची चिठ्ठी काढली. नागासाकीतले चिनी भाषेचे दुभाषे ती जहाजाच्या मालकाच्या नावे देत. पुढच्या खेपेला ती दाखवायची, जुनी जमा करून नवी घ्यायची. चिठ्ठी नसेल तर माल न उतरवता परत. चोरटा व्यापार करणाऱ्याला पुढची चिठ्ठी नाही. साधी आणि चांगली पद्धत.

बिघडलं ते वेगळ्याच ठिकाणी. चिठ्ठीवर जपानी कालगणनेतलं वर्ष होतं. ज्यांना चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत त्या चिनी व्यापाऱ्यांनी आपल्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली की या लोकांनी परक्या राज्याचं वर्ष मान्य केलं, म्हणजे हा राजद्रोह. चिठ्ठ्या जप्त झाल्या, नागासाकीला येणारी जहाजं घटली. प्रकरण थेट कांगशी सम्राटापर्यंत गेलं आणि त्यानं १७१७ मध्ये निकाल दिला की ही व्यापाऱ्यांची आपसातली ओळखचिठ्ठी आहे, राज्याराज्यांतला करार नव्हे. त्यानंतर गाडी रुळावर आली. शिक्क्यातल्या एका वर्षाचा अर्थ पलीकडे कसा लागेल याचा विचार हाकुसेकीनं करायला हवा होता, कारण परक्या पत्रातल्या एकेका अक्षरावर तो स्वतः भांडत असे. पुढच्या प्रश्नात ते येतंच.

प्रश्न: शोगुनला ‘राजा’ म्हणवून घ्यायची गरज काय होती? — पदव्युत्तर विद्यार्थी, औरंगाबाद

कोरियाशी पत्रव्यवहारात १६३६ पासून शोगुनसाठी ‘ताइकुन’ ही पदवी वापरत. हाकुसेकीचा आक्षेप असा की कोरियात तीच अक्षरं राजाच्या मुलांना लावतात. म्हणजे समोरचा राजा आणि आपला शोगुन राजपुत्र. १७११ मध्ये कोरियाचा राजदूत आला तेव्हा पत्रांत ‘जपानचा राजा’ लिहिण्याचा त्यानं आग्रह धरला आणि स्वागताचा खर्च सुमारे १० लाख र्‍योंवरून ६ लाखांवर आणला.

विरोध त्याच्याच गुरुबंधूनं केला. त्सुशिमा बेटाच्या दाइम्योच्या पदरी असलेला आमेनोमोरी होशू म्हणाला की क्योतोत सम्राट असताना शोगुनला राजा म्हणणं हा सम्राटाचा अवमान. आम्हाला त्याची बाजू बळकट वाटते. त्यात जपानी उत्तरात कोरियाच्या एका पूर्वीच्या राजाच्या नावातलं अक्षर आलं, आणि तिकडे ते निषिद्ध. राजदूतांनी हरकत घेताच हाकुसेकीनं दाखवून दिलं की कोरियाच्या पत्रातही तिसऱ्या शोगुनच्या नावातलं अक्षर आहे. शेवटी दोन्ही पत्रं बदलावी लागली आणि बिचाऱ्या राजदूतांना मायदेशी शिक्षा झाली. १७१९ च्या पुढच्या भेटीत पदवी पुन्हा ताइकुन झाली.

प्रश्न: नवऱ्याच्या खुनाबद्दल वडिलांविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईचा खटला तुम्ही एका ओळीत आटोपलात. त्यावर अधिक लिहा. — विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

लिहायलाच हवं, कारण दाखल्यांवर न्याय कसा चाले हे या एका खटल्यात पूर्ण दिसतं.

वर्ष १७११, मुसाशी प्रांतातलं खेडं, कावागोएच्या सरदाराच्या ताब्यातलं. एका बाईचा नवरा घरी आला नाही. तो कामासाठी गेला आहे असं तिच्या वडिलांनी सांगितलं. पुढे नदीत प्रेत सापडल्याचं कानावर आलं, तिला शंका आली, तिनं गावच्या प्रमुखाला सांगून ते बाहेर काढवलं. प्रेत नवऱ्याचंच. चौकशीत निघालं की वडील आणि भाऊ यांनीच त्याला मारलं. त्या दोघांच्या गुन्ह्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो बाईबद्दल: मुलीमुळे बाप फासावर जाणार, तर ती पितृद्रोही ठरते का?

हायाशी होकोनं दोन आधार दिले. जुन्या चिनी इतिहासग्रंथातलं एक वाक्य, की नवरा कोणताही पुरुष होऊ शकतो, बाप एकच असतो. आणि आई-बापाविरुद्ध फिर्याद देणाऱ्याला मृत्युदंड सांगणारं कलम. दोन्ही दाखले खरेच होते.

हाकुसेकीनं ग्रंथ तेच घेतले, पण प्रश्नाचे तुकडे पाडले. पहिला: सुतकाचे नियम काय सांगतात? लग्न न झालेली मुलगी बापासाठी तीन वर्षांचं सुतक पाळते. लग्नानंतर तेच तीन वर्षांचं सुतक नवऱ्यासाठी होतं आणि बापाचं एका वर्षावर येतं. म्हणजे विवाहित स्त्रीचं पहिलं कर्तव्य कुठे, हे शास्त्रानं वर्षं मोजून ठरवून दिलं आहे. दुसरा: तिनं फिर्याद दिली का? नाही. प्रेत कोणाचं ते पाहू द्या, एवढंच ती म्हणाली. त्या वेळी मारणारा कोण हे तिला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही त्याबद्दल द्रोह कसा होईल? तिसरा: खरं कळल्यावर तिनं काय करायला हवं होतं? जीव दिला असता तर ती आदर्श ठरली असती, पण आदर्श गाठला नाही हा गुन्हा नव्हे.

इएनोबूनं हाकुसेकीची बाजू घेतली. बाईला शिक्षा झाली नाही, तिला भिक्षुणींच्या मठात पाठवलं. आज वाचताना मठ हीसुद्धा शिक्षाच वाटते आणि ते वाटणं रास्त आहे. त्याचा युक्तिवादही स्त्रीला बाप किंवा नवरा यांच्यातच मोजतो. तरी ‘तिला काय ठाऊक होतं आणि केव्हा’ हा प्रश्न त्या दालनात विचारणारा तोच होता, आणि त्यामुळे एक जीव वाचला.

प्रश्न: तळघरातल्या इटालियन पाद्रीशी त्याचं बोलणं कोणत्या भाषेत झालं? — मडगावच्या वाचक

जोवान्नी बात्तिस्ता सिदोत्ती १७०८ मध्ये सामुराईचा वेश, शेंडी आणि तलवार अशा थाटात याकुशिमा बेटावर उतरला आणि लगेच पकडला गेला. त्याला तळघरात नव्हे, एदोतल्या (आजच्या तोक्योतल्या) कोइशिकावा भागातल्या ‘ख्रिस्ती वाड्या’त ठेवलं होतं, हा खुलासा आम्ही आधीच करायला हवा होता. १७०९ च्या अखेरीस चौकशी झाली. सिदोत्तीला थोडी मोडकी जपानी येत होती. नागासाकीहून आणलेले दुभाषे डच जाणणारे, लॅटिन अगदी जेमतेम. हाकुसेकीनं सरकारी संग्रहातला जगाचा डच नकाशा मागवला आणि बोटानं गावं दाखवून नावं उच्चारून घेतली. भाषेचा बराचसा अडसर नकाशानं दूर केला.

निष्कर्ष त्यानं दोन भागांत लिहिला. भूगोल, खगोल, यंत्रं यांत हे लोक पुढे आहेत. धर्माची कथा मात्र त्याला पटण्याजोगी वाटली नाही. शोगुनपुढे तीन पर्याय ठेवले: परत पाठवणं हा उत्तम, कैदेत ठेवणं मध्यम, मारणं कनिष्ठ. मधला निवडला गेला. सेवेतल्या दांपत्याला बाप्तिस्मा दिल्याचं उघड झाल्यावर सिदोत्तीची रवानगी कडक कोठडीत झाली आणि १७१४ मध्ये तो तिथेच वारला. २०१४ मध्ये त्या जागी इमारतीच्या कामाआधी उत्खनन झालं, तीन जणांचे अवशेष सापडले, आणि त्यांतला एक इटालियन पुरुषाचा असल्याचं डीएनए तपासणीनंतर २०१६ मध्ये जाहीर झालं.

प्रश्न: १७१६ नंतर त्याचं काय झालं? त्याच्या कामातलं काय टिकलं? — वाचक, रत्नागिरी

इएत्सुगु सातव्या वर्षात वारला आणि योशिमुने शोगुन झाला. मानाबेचं पद गेलं, तसा कागद आत नेणारा हातही गेला. हाकुसेकीला काही दिवसांत दूर केलं आणि सरकारी घरही सोडावं लागलं. त्याच वर्षी त्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. जपानी गद्यातलं ते अव्वल पुस्तक मानतात. पुढे र्‍युक्यू बेटांवर, उत्तरेच्या एझोवर (आजचं होक्काइदो) आणि जपानी शब्दांच्या व्युत्पत्तीवर लिहिलं.

योशिमुनेनं राजाची पदवी आणि हाकुसेकीच्या लेखणीतून उतरलेली सरदारांसाठीची आचारसंहिता रद्द केली. नागासाकीचे नियम आणि नवी नाणी मात्र ठेवली. आणि सगळ्यांत दूरवर पोचलेला सल्ला कोणाच्या लक्षातही राहत नाही. राजवंशाच्या शाखा थोड्या आहेत, वारस खुंटेल, म्हणून आणखी एक राजघराणं काढा असं त्यानं सुचवलं होतं. १७१० मध्ये त्यातून कान-इन घराण्याची तजवीज झाली. १७७९ मध्ये सम्राट मुलाविना वारला, तेव्हा याच घराण्यातला मुलगा गादीवर बसला. जपानचं आजचं सम्राट घराणं त्याच शाखेचं आहे.

प्रश्न: मी तोक्योत राहते. यातलं पाहण्यासारखं काही उरलंय का? — वाचक, एदोगावा, तोक्यो

तीन ठिकाणं, एका दिवसात होतील. मारुनोउची मार्गावर म्योगादानी स्थानकाला उतरा. कोहिनाता भागात ख्रिस्ती वाड्याच्या जागी दगडी खूण आहे. वाडा उरलेला नाही. हाकुसेकीची समाधी नाकानो वॉर्डात, कामिताकादातल्या कोतोकुजी मंदिरात आहे.

तिसरं ठिकाण ओचानोमिझु स्थानकाजवळचं युशिमा सेइदो, कन्फ्यूशियसचं मंदिर. १६९० मध्ये त्सुनायोशीनं ते इथे आणवलं आणि हायाशी घराण्याकडे सोपवलं. मुख्य सभागृह १९२३ च्या भूकंपात जळालं; आज दिसतं ते १९३५ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेलं. पण आत जाताना लागणारं छोटं काळं लाकडी दार, न्यूतोकु-मोन, १७०४ चं आहे. आगीतून आणि भूकंपातून वाचलेला त्या आवारातला जुना भाग. तिथे थोडं थांबून पाहा.